शंभरातले चाळीस

मोबाइल गेम बनवणाऱ्या आमच्या हनोईच्या ऑफिसात सगळे पंचविशीतले आणि थ्वानताई एकावन्नच्या. इथे येण्याआधी वीस वर्षं त्या कापड कारखान्यात बिघडलेले शर्ट वेगळे काढायच्या. असले गेम जन्मात खेळल्या नव्हत्या. पण हजारो लोक गेममध्ये कुठे रमतात, कुठे वैतागतात, कुठे पैसे टाकतात, हे आकड्यांतून असं काही हुडकायच्या, की आम्ही तोंडात बोटं घालायचो! मालक चोंगला मात्र ते पटायचं नाही. "न खेळणाऱ्या बाईला खेळातलं काय कळणार?" टेटचा, म्हणजे नववर्षाचा सण झाला की ताईंना निरोप द्यायचा, हे त्याने ठरवून टाकलं होतं. ताईंनाही ते माहीत होतं.

टेटच्या आदल्या दिवशी आमचा अंगण झाडायचा गेम बाजारात आला. त्यातला झाडू मी चितारला होता, आणि काय देखणा चितारला होता! वितरकाची अट एवढीच, की शंभर खेळाडूंतले चाळीस दुसऱ्या दिवशी परत यायला हवेत. तीन दिवसांत जमलं नाही तर गेम बंद आणि आम्ही सगळेच घरी.

पहिला आकडा आला सतरा.

सणाच्या सकाळी आम्ही आपापल्या घरून व्हिडिओ कॉलवर जमलो. चोंग ओरडत होता, "गेम सोपा करा! जाहिराती कमी करा!"

"थांब रे," ताई म्हणाल्या. "लोक हरतच नाहीयेत. हातात झाडू येतो, दहा सेकंद बघत बसतात आणि बंद करतात. झाडून सगळे तिथेच."

"मग झाडूच भिकार असेल."

मला रडूच यायला लागलं.

"आणि ताई," चोंग म्हणाला, "तुमच्यामागे काय उकिरडा झालाय! सणाला खाल्लेल्या बियांची टरफलं पार दारापर्यंत. आधी स्वतःचं घर झाडा."

"टेटला घर झाडू? वर्षाचं नशीब केराबरोबर बाहेर टाकू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

बोलता बोलता ताई थांबल्या. आणि सगळेच किंचाळलो. टेटचे तीन दिवस केर काढायचा नाही, हे आम्हाला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक. आणि आम्ही शहाण्यांनी ऐन टेटला देशभर झाडू वाटले होते!

"झाडू लपवा," ताई म्हणाल्या. "कचरा साठू द्या. ढीग मोठा तितकं नशीब मोठं. झाडायचं चौथ्या दिवशी. आणि जाहिरात बघेल त्याला टोपलीभर कचरा जास्त."

"कचऱ्यासाठी जाहिरात कोण बघेल हो?" चोंग म्हणाला.

"तू गप बस आणि बघ."

दुपारपर्यंत मी टरफलं, पाकळ्या, टेटला पैसे घालून देतात त्या लाल पाकिटांचे कपटे चितारत होते. हात थांबतच नव्हते. संध्याकाळी ताईंचा फोन आला, "अगं, एकेक जण सात-सात जाहिराती बघतोय!"

तिसऱ्या दिवशी आकडा आला अठ्ठेचाळीस! मी घरभर नाचले. वितरकाने कळवलं, गेम चालू ठेवा. खाली आणखी एक ओळ होती: हे ज्यांनी हेरलं त्यांना आमच्याकडे पाठवता का, पगार दुप्पट देऊ.

चोंगने ती ओळ कॉलवर वाचली आणि हातच जोडले. "ताई, जाऊ नका हो."

"कायमच्या नोकरीचं पत्र पाठव. आत्ता. मग ठरवते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा बंद केला. माइक मात्र चालूच राहिला होता, आणि त्या हसताहेत की रडताहेत, ते आम्हाला कळेना.