धर्माजीच्या घरावरचे पत्रे

खारीच्या बांधापासून पोयनाडच्या रस्त्यापर्यंत धर्माजीचा हात लागला नाही असं गवती छप्पर शोधूनही सापडलं नसतं. होळी झाली की माणसं त्याला शाकारणीला न्यायला येत. धर्माजी आधी घरात शिरून नुसता बसे, विडी पेटवी आणि धूर कुठं जातो ते बघे. मग सांगे, "आढ्याखाली दोन्ही अंगांना वीतभर उघडं ठेवा, ऊब तिकडनं निघून जाईल. मावळतीकडची वळचण हातभर खाली घ्या, दुपारनंतरचं ऊन कुडाला शिवता कामा न्हाय." लोकांना वाटे, म्हाताऱ्याला विडी पुरी करायची आहे. पण त्यानं शाकारलेल्या घरात वैशाखातसुद्धा पाठ टेकली की डोळा लागे, पौषात पोरं गोधडी लाथाडत, आणि पावसाचा थेंब म्हणून आत येत नसे. याचा त्याला ताठाही होता. असू दे, एवढं येणाऱ्याला तेवढा ताठा शोभतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरावर मात्र पत्रे होते.

ते घातले सदानं. सदा हा धर्माजीचा एकुलता एक मुलगा, मुंबईला गिरणीत कामाला. त्याची आई राही वारली तेव्हा तो दहा दिवस राहिला आणि पुढं तीन वर्षं फिरकला नाही. त्या तीन वर्षांत धर्माजी स्वतःच भाकरी थापायचा, स्वतःच खायचा आणि बोलायचं झालं तर बैलांशी बोलायचा. तीन गणपती त्यानं एकट्यानं आणले आणि एकट्यानंच बोळवले. आरतीला टाळी वाजवायला घरात दुसरा हात नव्हता.

चौथ्या वर्षी सदा आला तो मचव्यात पत्रे घालूनच. वाडीतलं पहिलं पत्र्याचं घर! हातभर जाडीचं गवत धर्माजीनं स्वतःच्या हातानं उतरवून दिलं, पोरगा आठ दिवस घरात होता ना. जाताना सदा म्हणाला, "बा, खिळ्यांच्या भोकांना दर साल डांबर लागतं. दुसऱ्या कुणाला वर चढू देऊ नको. गणपतीला मीच येत जाईन."

आणि खरोखरच तो येऊ लागला. भर पावसात उघडीप मिळाली की डांबराचा डबा घेऊन वर चढे, पत्र्यावर थाप मारून बघे, शेजाऱ्यांना हाक मारून दाखवी. गणपतीत ते घर चांगलंच असे. बाहेर पाऊस, आत कोरडं. सदानं त्या घराचे तेवढेच आठ दिवस पाहिले होते.

बाकीचं वर्ष धर्माजीच्या वाट्याला. पौषात पहाटे पत्र्याला आतून दव सुटे आणि अंथरुणावर टपटपे. चुलीचा धूर पूर्वी गवतातून हळूहळू जिरायचा, तो आता कोंडून डोळ्यांत उतरे. आणि वैशाख! दुपारी घरात पाऊल ठेववत नसे. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. होळी झाली की नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पत्र्यांवर घालायचे, वर पेंढा पसरायचा, आणि गणपतीच्या आधी आठ दिवस सगळं उतरवून गोठ्यामागं लपवायचं. उभ्या गावाची घरं निववणारा माणूस स्वतःचं घर असं चोरून निववत होता.

शेजारच्या आवडाबाईला हे बघवेना. "भावजी, पोराला कळवा की. तुमी भाजून निघताव."

"कळवलं तर पत्रे काढील तो," धर्माजी म्हणाला. "मग यायचा कशाला? मला बघायला?"

धर्माजीला तेच तर वर्षभर सलत होतं.

एका वैशाखात सदाच्या गिरणीला टाळं लागलं आणि तो धरमतरच्या बोटीनं न कळवता गावी आला. बांधावरूनच त्याला छपरावरचे झाप दिसले.

"बा, पत्रे झाकलेस कशाला? लाज वाटती व्हय माझ्या पत्र्यांची?"

"उन्हानं खराब व्हतील म्हणून," धर्माजी म्हणाला.

"लोखंडाला ऊन काय करतंय?" म्हणत सदानं सगळे झाप खाली ओढले. धर्माजी खाली उभा राहून ते गोळा करत होता.

दुपारी दोघं जेवायला आत बसले. भात पानातच राहिला. सदाच्या हनुवटीवरून घाम ताटात पडत होता, पण हट्टानं तो उठेना. तीन दुपारी असा बसला. चौथ्या दुपारी ताट सरकवून म्हणाला, "दर साल असंच असतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हायस?"

खरं उत्तर धर्माजीच्या ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "सवय झाली."

दुसऱ्या दिवशी सदानं पत्रे उतरवायला घेतले. धर्माजीनं अडवायचं तरी कसं? घर तापत नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

मग अठरा दिवस बापलेकांनी मिळून घर शाकारलं. सदा खालून पेंढ्या फेकी, धर्माजी वर बसवी. गाठ कशी मारायची, ऊब कुठून जाऊ द्यायची, सगळं त्यानं पोराला शिकवलं. इतकं तो राही असतानाही बोलला नव्हता. त्या दिवसांत धर्माजी सुखी होता. उगाच आडवळणानं कशाला सांगा? आषाढात गिरणी उघडली आणि सदा गेला.

गणपतीला आठ दिवस राहिले तेव्हा पत्र आलं. धर्माजी ते घेऊन हरेश्वर मास्तरांकडे गेला. मास्तरांनी वाचून दाखवलं: "ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. घर आता थंड झाले, तुम्हांस सुख लागले, माझी काळजी मिटली. डांबराचेही काम उरले नाही. सबब यंदा येत नाही. सुट्टीचा पगार कापतात. तब्येतीस जपावे."

धर्माजी ओट्याच्या कडेला बसला. पोरानं रागानं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, इतक्या मायेनं लिहिलं होतं.

"उत्तर लिहायचं?" मास्तरांनी विचारलं.

"लिवा. घर गळतंय म्हणून लिवा."

मास्तरांच्या शाळेचं छप्परही धर्माजीनंच शाकारलेलं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं. "धर्माजीनं शाकारलेलं घर गळतं, असं लिहू?"

"व्हय. आढ्यापासनं गळतंय, बापाच्या हातात आता काय राहिलं न्हाय, असं लिवा."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला आणि तसंच लिहिलं.