मागितलेला भाव

मागितलेली किंमत मुकाट्याने देणाऱ्या माणसाची गिरिजा पाध्येला किळस यायची. दुबईच्या मीना बाजारात भारतातून आलेल्या पाहुण्या बायका साडीचा भाव ऐकून थेट पर्स उघडायच्या, तेव्हा ती नाक मुरडून म्हणायची, "ह्यांना बाजारात एकटं सोडतं कोण?" अशा माणसांसाठी तिच्याकडे एकच शब्द होता, 'माती'. शेजारचे नायर माती, निखिलचा मावसभाऊ माती, शाळेच्या बसला सांगितले तेवढे पैसे देणारे सगळे पालक माती. नवऱ्याला, म्हणजे निखिलला, ती हा शब्द लावत नसे. निदान चारचौघांत तरी नाही.

लग्न होऊन ती नाशिकहून दुबईला आली ती चौऱ्याण्णव साली. निखिल जबल अलीत एका गोदाम कंपनीत होता. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, काळोख पडल्यावर यायचा. बर दुबईतल्या देवळामागच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून ती खाडीपलीकडच्या देरा भागात खैरुद्दीनभाईंच्या ऑफिसात टायपिंगला लागली. भाई मूळचे दापोलीकडचे, पाइप आणि व्हॉल्व्हचे व्यापारी. एकदा एक कोटेशन टाइप करता करता तिने विचारलं, "भाई, हा माणूस हेच पाइप मागच्यापेक्षा महाग का देतोय आपल्याला?" भाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत खरेदीचा सगळा कारभार तिच्या टेबलावर आला.

तिची एक रीत होती. भाव ती शेवटी विचारायची. आधी माल कुठे पडलाय, कधीपासून पडलाय, कोणाची ऑर्डर रद्द झाली, हे गोडीगुलाबीने काढून घ्यायचं आणि मग जो आकडा टाकायचा तो असा की समोरच्याचा चहा घशात अडकावा. "हबीबी, खलास, लास्ट प्राइस!" म्हणून छातीवर हात ठेवणारे भलेभले विक्रेते लिफ्टपर्यंत जाऊन परत यायचे. ते परत आले की गिरिजा मनातल्या मनात म्हणायची, माती.

परक्या देशाच्या माणसालाही दुबईत घर विकत घेता येणार, ही बातमी आली तेव्हा निखिल हरखून गेला. वर्षभराने, म्हणजे दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, त्याच्या जुन्या साहेबाचं घर विकायला निघालं. धनंजय गुप्ते. कंपनी सोडून दुसरीकडे गेला होता, तरी निखिलच्या तोंडी अजून 'सर'च. ह्या सरांनी सात वर्षांत निखिलला 'पाध्ये'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती. आता ते बायकामुलांसह कॅनडाला निघाले होते आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतल्या दोन मजली घराचे सव्वासात लाख दिरहम मागत होते.

"बाराने गुण," गिरिजा म्हणाली. "सत्त्याऐंशी लाख रुपये. वाळूतल्या खुराड्याला."

शुक्रवारी ते घर बघायला गेले. गुप्ते अर्धी चड्डी घालून दारात उभा होता, एखादा किल्ला दाखवावा तसं घर दाखवत होता. "हे इटालियन मार्बल बरं का, वहिनी." गिरिजाने बोट फिरवून पाहिलं. ती फरशी कुठल्या गोदामातून येते आणि घाऊक काय भावाने येते, हे तिला पाठ होतं. ती नुसती हसली. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. चार दिवस राहायचं आणि तेही प्लास्टिकवर बसून, म्हणे साहेब! मागच्या अंगणात चार बोगनवेली वाळून काटक्या झाल्या होत्या. पाणी घालायचं बंद केलेलं घर, तिने मनात नोंदवलं. म्हणजे ह्यांचं मन इथून केव्हाच उठलंय.

स्वयंपाकघरात गुप्तेची बायको समिधा कोकमाचं सरबत करत होती. गिरिजाने सहज विचारावं तसं विचारलं, "मुलांच्या शाळेचं काय हो मग?"

"अहो, तीच तर घाई! सप्टेंबरात तिकडे शाळा सुरू. सामानाचा कंटेनर बुक केलाय, तिकिटं काढलीत. पण ह्यांचं एकच, घर विकल्याशिवाय हलायचं नाही."

गिरिजाने सरबताचा घोट घेतला. तिला ते फार आवडलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "सहा लाख वीस सांगायचे."

निखिलने ब्रेकच दाबला. "एक लाख पाच हजार कमी? अगं, सर काय म्हणतील?"

"सर! तुला ते पगार देतात का अजून? सहा वीस सांगायचे, तो तणतणेल. आठ दिवस गप्प बसायचं. मग तो सहा ऐंशीवर येईल, आपण सहा सत्तरला हात मिळवायचा. विमानात बसायची घाई त्याला आहे, आपल्याला नाही."

मागच्या सीटवरून त्यांची मुलगी शुभ्रा म्हणाली, "ममा, कॅन वी जस्ट बाय इट?"

"बापावर गेलीस," गिरिजा म्हणाली.

बँक देणार होती ते कर्ज आणि दोघांनी साठवलेले पैसे मिळून त्यांची धाव सहा लाख नव्वदपर्यंत होती. हा आकडा दोघांखेरीज कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

रविवारी तिने गुप्तेला फोन लावला. सहा वीस ऐकून तो तणतणला नाही, मोठ्याने हसला. "काय हो वहिनी! बँकेचे आणि साठवलेले धरून तुमचे सहा नव्वद होतात ना? मग हा खेळ कशाला? ते सहा नव्वद द्या, वरचे पस्तीस हजार मी सोडतो. पाध्येसाठी म्हणून."

गिरिजाने 'कळवते' म्हणून फोन ठेवला. निखिल समोर टीव्हीचा आवाज कमी करत बसला होता.

"कधी सांगितलंस त्याला?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तेवढीही धमक नव्हती, असं तिला वाटलं. "त्यांनी काल दुपारी जेवायला बोलावलं होतं. म्हणाले, निखिल, तुझं बजेट काय ते मोकळेपणाने सांग, मी ॲडजस्ट करतो." मग तो म्हणाला, "त्यांनी मला निखिल म्हटलं गं."

गिरिजा त्याच्याकडे बघत राहिली. चाळिशीला आलेला माणूस, टक्कल पडत चाललेलं, आणि एका हाकेसाठी हरभऱ्याच्या झाडावर चढून सगळी पुंजी उघडी करून आला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. घासात केस लागल्यावर येते तशी शिसारी आली.

सहा नव्वद त्यांना झेपत होते. पण गुप्तेने आकडा सांगायचा आणि आपण मान डोलवायची? जन्मभर ज्यांना हसलो त्यांच्याच रांगेत जाऊन उभं राहायचं? तिने उलट निरोप पाठवला: आता सहा लाख दहा. हवं तर घे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने भाईंना हा किस्सा रंगवून सांगितला. भाई हसले नाहीत. "गिरिजाबाय, पडून राहिलेला माल दाबायचा. हा माल पडून नाय. लोकं वाळूत नुसत्या प्लॉटच्या खुंट्या बघून चेक फाडतात. पस्तीस हजार सोडतो तर घेऊन टाक."

भाई म्हातारे झाले, गिरिजाने ठरवलं.

पुढचे दिवस ती मजेत होती. फोन वाजला की निखिल दचकायचा, आणि ती म्हणायची, "वाजू दे. कंटेनर भरायची वेळ आली की येईल गुडघ्यावर." गुप्तेचा फोन आला नाही. ऑगस्टच्या अखेरीस निखिल जबल अलीहून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. त्याच्या हाताखाली काम करणारा अंकुर, कोल्हापूरकडचा, दुबईत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेला, त्याने गावाकडून पैसे मागवून ते घर घेतलं होतं.

"कितीला?"

"सव्वासात."

"पूर्ण? त्याने घासाघीस केली नाही?"

"नाही. म्हणाला, आवडलं, घेतलं."

गिरिजा इतकी हसली की शुभ्रा खोलीतून बाहेर आली. "माती! अस्सल माती!" वास्तुशांतीला ती मुद्दाम गेली, प्रसादाचा शिरा खाल्ला आणि तिथे जमलेल्या प्रत्येक बाईच्या कानात सांगितलं की बिचाऱ्या पोराला गुप्तेने नागवलं. अंकुर बिचारा तिला वाकून नमस्कार करून गेला.

मग भाव चढू लागले. आधी सावकाश, मग घोडा उधळावा तसे. गिरिजा म्हणायची, फुगा आहे, फुटेल. बर दुबईचं भाडं दीडपट झालं, तरी ती म्हणत होती, फुटेल. शुक्रवारी सकाळी पेपरातल्या घरांच्या जाहिराती निखिल वाचायचा आणि घडी घालून ठेवून द्यायचा. दोन हजार पाचमध्ये घरमालकाने पुन्हा भाडं वाढवल्याचा कागद दारात सरकवला. ती त्याच्याशी भांडायला खाली गेली आणि पहिल्यांदाच हात हलवत वर आली. तिच्या फ्लॅटसाठी म्हणे सहा जण थांबले होते.

त्याच महिन्यात एकदा निखिल घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "घर घेतलं. अंकुरच्या ओळीतलंच, चार दारं सोडून. टोकन दिलं. बँका आता हात सैल सोडून देतायत, कर्ज माझ्या एकट्याच्या पगारावर मंजूर झालंय."

"कितीला?"

"साडेदहा लाख."

"तो मागत किती होता?"

"साडेदहाच."

गिरिजाने वाक्यं जुळवली. दहा-बारा वर्षांची सवय, ती जुळायला वेळ लागत नसे. मातीपासून सुरुवात करून ती त्याच्या साहेबापर्यंत, बापापर्यंत गेली. तिने नेहमीसारखं त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखी मान खाली घालेल म्हणून ती थांबली.

"तुझं सगळं बरोबर असतं, गिरिजा," तो म्हणाला. "तुझ्या ह्या बरोबर असण्याचं भाडं मी दोन वर्षं भरलं. आता नाही भरणार." आणि हातपाय धुवायला गेला.

ताबा घ्यायच्या दिवशी जुन्या मालकाने पडद्यांचे वेगळे दोन हजार मागितले. त्याला वाटलं असावं, साडेदहा मुकाट्याने देणारे लोक आहेत. गिरिजाने त्याला तासभर असा पिळला की पडदे तर राहिलेच, वर गॅसची शेगडी आणि बाहेरचा झोपाळासुद्धा तो सोडून गेला. आल्यागेल्या प्रत्येकाला ती ते पडदे दाखवते आणि फुकटात कसे काढले ते साग्रसंगीत सांगते. घर कितीला पडलं असं कोणी विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणते, "ह्याला विचारा," आणि चहा टाकायला उठते. निखिल आकडा सांगतो, पूर्ण, आणि बाराने गुणून त्याचे रुपयेही सांगतो.