सोयरिकीला ओतलेली कॉफी

बसा, सांगतो. फजितीचीच गोष्ट आहे आणि फजिती माझीच आहे. पण हसण्याआधी एक ध्यानात ठेवा. पाणी कसं द्यावं हे मला तेव्हाही येत होतं आणि आजही येतं. तिथं माझी चूक नव्हती. चूक बाकी सगळीकडे होती.

मोर्शीच्या बाजूला आमचा संत्र्याचा मळा. तेव्हा इंग्रजाचा अंमल होता, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि आमच्या गावात चहासुद्धा पाटलाच्या नाहीतर मास्तरच्या घरीच व्हायचा. बाकीच्यांना ताक. कॉफी कशाशी खातात हे कोणाला ठाऊक असणार?

मला ठाऊक झालं ते अमरावतीला. संत्र्याची बैलबंडी घेऊन बाजाराला गेलो की एक टोपलं आमच्या वकीलसाहेबांकडे पोहोचवायचं, असा जुना रिवाज होता. त्यांची थोरली सून धारवाडकडची. तिला माहेरहून कॉफीचा डबा यायचा. त्या दिवशी थंडी मरणाची होती. ती म्हणाली, "काका, बसा थोडं. कॉफी घेऊन जा."

मी ओसरीवर बसलो. तिथून स्वयंपाकघर दिसत होतं. पितळी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं, फडक्यात तपकिरी भुकटी, आणि सूनबाई गडूनं उकळतं पाणी ओतत होत्या. पण काय ते ओतणं! जरासं ओतायचं, थांबायचं, भुकटी भिजू द्यायची, मग पुन्हा बारीक धार. खाली थेंब थेंब काळं पाणी पडत होतं. मी पाहतच राहिलो. अहो, हे तर आमचंच काम. मग त्यांनी माझ्याकडे पाठ करून काहीतरी केलं आणि कप घेऊन आल्या. बदामी रंग, गोड चव, आणि वास असा की घर भरून गेलं.

"हे जमते कसं जी?" मी विचारलं.

"सगळं ओतण्यात आहे, काका. घाई केली की बिघडली."

सगळं ओतण्यात आहे. आता ज्यानं जन्मभर झाडांना पाणी दिलं, त्याला याहून सोपं काय असणार? निघताना सूनबाईंनी भुकटीचा एक पुडा बांधून दिला. पाठ करून त्यांनी काय केलं, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, पदर सावरला असेल.

आता नेमकं त्याच आठवड्यात तिवस्याहून आमच्या सुभीला पाहायला पाहुणे यायचे होते. घर आमच्यासारखंच माळ्याचं. फुलं, भाजीपाला, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा शांत. सुभी तोंडानं काही बोलली नव्हती, पण तिवस्याचं नाव निघालं की ही पोरगी कारण नसताना अंगण झाडायला जायची. बापाला कळतं हो एवढं. ही सोयरीक व्हावी असं माझ्याही मनात पक्कं बसलं होतं. आणि पाहुण्यांवर छाप पाडायची तर ताकानं पडणार आहे का?

सुभीच्या मायला मी पुडा दाखवला. तिनं वास घेतला.

"जळलं हाय हे."

"जळलं नाई. भाजलं हाय."

"याच्यात दूध किती? गूळ किती?"

"काही नाई लागत. सारं ओतण्यात हाय."

"आन् तुमाले कोणी सांगतलं?"

"धारवाडच्या बाईनं."

"मंग करा," ती म्हणाली. "पन मी ताक घुसळून ठेवतो."

पाहुणे सकाळीच आले. मुलाचे वडील महादूजी, अंगानं थोराड, बोलणं मऊ. आणि मुलाची आत्या. या बाईंची नजर अशी, की ढिगातलं किडकं वांगं हात न लावता बाजूला काढतील.

मी विचार केला, आत चुलीपाशी केलं तर कोण पाहणार? म्हणून शेगडी ओसरीवर मांडली, त्यांच्या डोळ्यांसमोर. गंजाला फडकं बांधलं. पुडा सोडला आणि अख्खा रिकामा केला. पाहुण्यांना हात आखडता कशाला घ्यायचा? मग बोटानं भुकटीला छान गोल आळं केलं. संत्र्याच्या बुंध्याला पाणी लागू देत नाहीत, आळ्यातूनच देतात, नाहीतर झाड सडतं. तसंच इथं, मधे उंचवटा ठेवून कडेकडेनं धार धरली. एवढी संथ, की शेजारची म्हैस पाणी पिऊन, बसून, रवंथ करायला लागली.

थोडं दिल्यावर मी थांबलो. संत्र्याला बहार हवा असेल तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड सुकतं, पानं माना टाकतात, मग पाणी दिलं की फुलांनी लदबदतं. याला आम्ही ताण देणं म्हणतो. मी कॉफीला ताण दिला.

पाहुणे पाहत होते. फडक्यातून काळाकुट्ट थेंब पडत होता. आत्याबाई भावाच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, छाप पडून राहिली.

शेवटी वाट्या भरल्या. रंग बदामी झाला नव्हता. मी मनात म्हटलं, उन्हात ठेवल्यावर उजळेल. महादूजींनी घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला, लाजाळूच्या पानासारखा. पण माणूस खानदानी, वाटी खाली ठेवली नाही. आत्याबाईंनी नुसता वास घेतला आणि वाटी पदराआड ठेवली.

"काय म्हणते जी याले?" महादूजींनी विचारलं.

"कॉफी."

"इथी वैद्य देते का?"

"वैद्य कुठचा जी. अमरावतीच्या वकिलाच्या घरून आणली."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. पुढं कळलं, की कडू, काळं, फडक्यातून गाळलेलं पाणी म्हटलं की त्यांच्या घरी एकच गोष्ट, हिवतापाचा काढा. आणि काढा वैद्याला सोडून वकिलाकडून आणावा लागतो, म्हणजे दुखणं कोर्टापर्यंत गेलेलं असणार.

"रोज घेता?" आत्याबाईंनी विचारलं.

मी तर पहिल्यांदाच केली होती. पण तसं सांगितलं तर छाप कुठं राहिली? वकिलाच्या घरी जे ऐकलं होतं तेच मी आपलं म्हणून सांगितलं.

"रोज. दोन टाइम. घेतल्याबिगर डोकंच ठिकाणावर येत नाई."

"घरातले सारेच?"

"सारे. लहानमोठे."

"पोट्टी बी?"

"तिले तं सगळ्यायच्या आधी. नाई भेटली तं दिवसभर मान टाकून पडून रायते."

आत्याबाईंचा हात तोंडाशी गेला. मला वाटलं, कौतुक.

"लहानपणापासून हाय का हे?" महादूजी फार हळू बोलले.

"दात आले तवापासून."

"मंग... कधी सुटन असं सांगतलं का कोणी?"

"सुटत नाई जी हे," मी अभिमानानं सांगितलं. "एकदा लागलं का जन्माचं."

"लग्न झाल्यावर बी?"

"बी म्हणजे? तवाच तं जास्त लागते. पन तुमी फिकर नका करू. महिन्याचे महिन्याले पुडा मी तिवस्याले पोहोचवून देत जाईन."

आता बोला. बाप असावा तर असा. स्वतःच्या निरोगी पोरीला स्वतःच्या तोंडानं जन्माची दुखणाईत केली आणि वर औषधाचा खर्चही कबूल केला. आतून सुभीच्या मायचा खाकरण्याचा आवाज आला. मला वाटलं, धूर झाला असेल.

आत्याबाई उठल्या. "पोरीले जरा जवळून पाहून येतो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमच्या घरात मधली भिंत तुराट्यांच्या कुडाची. आत सुई पडली तरी ओसरीवर ऐकू यावी. आत्याबाई म्हणत होत्या, "बस इथी. डोळा दाखव. खालची पापणी ओढ. आता जीभ काढ. नखं पाहू." मी महादूजींकडे पाहून मान हलवली. म्हटलं, चौकस आहेत बाई. महादूजींनी मान हलवली नाही. ते छातीला हात लावून बसले होते.

"रंग तं चांगला हाय," आतून आवाज आला. "खरं सांग माय, तुले होते तरी काय?"

"मले?" सुभी म्हणाली. "काहीच नाई."

"मंग ते काळं कावून घेतं दोन दोन टाइम?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. वकिलाचं घर, वैद्य, जन्माचं, मान टाकून पडते... माझंच एकेक वाक्य माझ्याकडे वळून पाहायला लागलं. मी नुसता हातातल्या गडूकडे पाहत राहिलो.

मग सुभी बोलली. हळू, पण सरळ.

"आत्याबाई, ते मी आजच पाहून राहिली. आमच्या घरी कोणीच घेत नाई. दुखणं मले नाई, बाबाले हाय."

"काय होते त्याइले?"

"मोठ्या घरी जाऊन आले का होते. मांगच्या साली वकिलासारखा चष्मा घालून आले होते. दोन रोज त्याइले सारी संत्री खरबुजावानी दिसली. दर सांगतला खरबुजाचा, गिऱ्हाईक पळून गेलं."

"मंग उतरलं कसं?"

"आपोआप उतरते. आमी काही बोलत नाई. बाबा मनानं चांगले हाय."

आत कोणीतरी हसायला लागलं. आधी सुभीची माय, मग आत्याबाई, आणि त्या हसता हसता बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. महादूजींचा चेहरा मात्र गंभीर होता.

"मी तं सारी वाटी संपवली जी," ते म्हणाले. "तुमच्या मनाले लागन म्हणून. आता छातीत मोट चालून राहिली."

आत्याबाईंनी भावाला ताकाचा गडू दिला आणि माझ्यासमोर बसल्या.

"खरं सांगतो दादा. आमचं 'मंग कळवतो' म्हणून उठाचं ठरलं होतं. पन पोट्टी पक्की हाय तुमची. बापाले झाकलं बी नाई आन् पाडलं बी नाई." मग त्यांनी महादूजींकडे बोट केलं. "आमच्या घरी याले बी हेच दुखणं हाय. मांगच्या दिवाळीत तालुक्याच्या साहेबासारखे बूट आणले. अजून एका पायाचा निघाला नाई. सांभाळाले कोणी पाह्यजेच होतं."

महादूजींनी पाय मागे घेतले. त्यांना तेवढं ताक पुरलं नाही, आणखी मागितलं. सोयरीक तिथंच ठरली.

लग्न आमच्याच दारी लागलं. वरातीच्या बंड्या आल्या. एका बंडीत वाजंत्री, एका बंडीत नवरदेव, आणि सगळ्यात मागच्या बंडीत आत्याबाई. सोबत दूध, गूळ, चहाची पुडी आणि चहा करणारा माणूस. गावानं विचारलं, वऱ्हाडी मंडळी आपला चहा आपण कावून आणून राहिली? आत्याबाईंनी गावाला उत्तर सविस्तर दिलं.

असू द्या. मी मनावर घेतलं नाही. मुहूर्ताची वेळ आली. सुभी बोहल्यावर उभी राहिली, समोर अंतरपाट धरला. भटजींनी सुरुवात केली आणि पोरगी मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधायला लागली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मी खांबापाशी उभा होतो. मी दिसलो तसा तिचा जीव भांड्यात पडला. ओठ जरा हलले, आणि मग ती शांतपणे समोर पाहायला लागली.

मला काही आवरेना. उपरणं डोळ्यांना लावलं. म्हटलं, पाहा, एवढ्या घाईगर्दीतही पोरीला बापच आठवला.

मागून सुभीची माय म्हणाली, "रडू नका. तुमी चुलीपाशी तं नाई ना, तेवढंच पाहून राहिली होती ते."