न छापलेलं पत्रक

बाजारातून परतलेले आमचे हे ओट्यावरच थांबले. खांबाला धरून म्हणाले, "धुळ्याहून माणूस आला होता. नाना गेले." हातातलं सूप तसंच धरून मी विचारलं, "कुठं?"... आठवलं की अजून माझं मलाच नवल वाटतं. थोरला भाऊ जाऊन जाऊन तुरुंगात जाईल, यापलीकडे मनानं कधी धाव घेतलीच नव्हती.

नानाचा धुळ्याला लहानसा छापखाना होता, त्यातून तो एक साप्ताहिक काढी. चळवळीच्या दिवसांत सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून छापखान्याला सील लागलं आणि नाना आत गेला. सुटून आला तो पांढऱ्या केसांनी. वहिनी म्हणाल्या, "आता पुरे." तर हसून म्हणाला, "मग जिभेचं काय करू, लोणचं घालू?" सील निघाल्यावर पहिल्यांदा चाक फिरवलं ते रहीमभाईंनी. ते त्याचे मशीनवाले. नाना आत होता तोवर त्यांनी आठवडेबाजारात भाजी विकली, पण दुसऱ्या छापखान्याची पायरी चढले नाहीत.

गेल्या वर्षी गावातली काही मंडळी एक पत्रक घेऊन आली. मुसलमानांच्या दुकानी जाऊ नका, त्यांना शेजारी राहू देऊ नका, आणि पुढं आणखी काही, जे नानानं मलाही कधी सांगितलं नाही. त्यानं कागद परत केला. आलेल्यांत त्याच्याबरोबर तुरुंग भोगलेला एक सोबती होता. तो म्हणाला, "बोलासाठे तुम्ही जेलमा गयात, नाना. आते आमनं तोंड दाबतस का?"

"हे छापायला चाक रहीमभाई फिरवणार," नाना म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

पण सोबत्याचं बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. ज्या सरकारनं त्याला बोलल्याबद्दल आत टाकलं, त्याच सरकारच्या दारी, हे बोलणं थांबवा म्हणून सांगायला... साहेब म्हणे हसला. "तुम्ही? बंदी मागायला?" मग हुकूम निघाला तो सरसकट. सभा बंद, पत्रकं बंद, नानाचं साप्ताहिकही बंद. पत्रक तोवर दुसऱ्या गावाहून छापून आलं होतं. हुकूम निघाला तेव्हा चौकात लोकांना ते तोंडपाठ झालेलं होतं.

एका दुपारी रहीमभाईंचं घर पेटवलं. माणसं वाचली, बाकी काही उरलं नाही. ते बायकोमुलांना घेऊन बऱ्हाणपूरला निघाले, तेव्हा नाना स्टेशनवर धावला. "माझ्या घरी चला," म्हणून त्यानं त्यांचा हात धरला. रहीमभाईंनी हात सोडवला नाही, पण म्हणाले, "नाना, तुम्ही छापं नही, माले ठाऊक शे. पन वाचं ते बठ्ठास्नी." वाचलं सगळ्यांनीच होतं. गाडी हलली तसा हात आपोआप सुटला.

त्यानंतर मी धुळ्याला गेले तेव्हा नाना सकाळीच बाहेर पडलेला. वहिनींनी बोळाकडं बोट दाखवलं. भिंतीवर चिकटवलेली पत्रकं तो बादलीतलं पाणी मारून नखांनी खरवडत होता. संध्याकाळी नवी लागत, सकाळी हा पुन्हा हजर. मी म्हटलं, "नाना, उद्या कुणी तुझाच कागद असा खरवडला तर?"

"खरवडला होता की, सरकारनं..." म्हणाला, आणि ओल्या भिंतीकडं बघत राहिला. "तेव्हा मला नक्की ठाऊक होतं, गं, कोण चूक ते. आता विचारलंस तर सांगता येत नाही. एवढंच कळतं की हे इथं राहू देता येत नाही."

छातीचं दुखणं त्याला होतंच. मी परत आल्यावर एका सकाळी तो त्या भिंतीपाशीच बसला, आणि उठला नाही.

नानाचा तेरावा होईपर्यंत मी धुळ्याला राहिले. वहिनी उजाडताच उठत, नानाची ती बादली भरत आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवत. उन्हं चढली की त्या ते पाणी तुळशीला घालत. बोळात भिंतीवर पत्रकांवर पत्रकं चढलेली असत.