बटणाचा नावाडी

आमच्या इमारतीच्या तळाशी दोन गाळे आहेत. एकात लाँड्री. तिथे बसून मी लोकांच्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचते आणि कोण किती दिवस एकच शर्ट घालतं ते लक्षात ठेवते. दुसऱ्यात किल्लीकाका. दोन गाळ्यांमध्ये प्लायवूडची भिंत आहे. वर आमची घरंही शेजारीशेजारी आहेत आणि तिथली भिंत हिच्यापेक्षा फार जाड नाही. तेव्हा मी भिंतीला कान लावते हा जो माझ्यावर आरोप आहे, तो साफ खोटा. माझे कान जागच्या जागी असतात. आवाजच पाय फुटल्यासारखे चालत येतात.

किल्लीकाका म्हणजे साठी ओलांडलेला, बुटका, भुवयांत पितळेचा भुसा अडकलेला माणूस. किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेली माणसं घाबरीघुबरी होऊन त्यांच्याकडे येतात. काका पिशवी उचलतात, जिने चढतात, दारापुढे गुडघे टेकतात आणि कुलपाशी इतक्या मायेने बोलतात की घरमालकाच्या बायकोला हेवा वाटावा. दार उघडतं. अख्ख्या वस्तीची दारं त्यांनी उघडली, पण स्वतः कुणाचं दार वाजवलेलं मी पाहिलेलं नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पितील, पण माझ्याकडे वाटी घेऊन येणार नाहीत. एकदा उजवं मनगट मुरगळलं, तर महिनाभर कुणाला न सांगता डाव्या हाताने किल्ल्या कापल्या. मला कळलं ते यावरून, की त्या महिन्यातली एकही किल्ली कुणाच्या कुलपाला लागेना.

मी इथे राहायला आले तो पहिलाच रविवार. दुपारी जरा आडवी होते न होते तोच भिंतीपलीकडून आरडाओरडा. "लाल आहे का लाल? अहो, तोंड उघडा." मला वाटलं, झालं, शेजार भांडकुदळ निघाला. मी झाडू घेऊनच त्यांचं दार वाजवलं. काकूंनी उघडलं आणि माझ्याकडे नीट न बघताच म्हणाल्या, "गाव बुडतंय. आत या नाहीतर दार लावून घ्या."

मी आत गेले. मी आतच जाते.

टेबलावर एक पट मांडलेला होता. पटावर एक गाव, गावाच्या वर धरण, आणि दर खेळीला वाढणारं पाणी. असले खेळ मी पाहिले नव्हते. माझ्या माहितीतल्या खेळांत शेजारच्याचा काटा काढायचा असतो. इथे सगळे एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे. एका रंगाचे चार पत्ते एकाच्या हातात आले की धरणाचा एक दरवाजा बंद होतो. चार दरवाजे बंद झाले की गाव वाचलं. काका अभियंता, काकू डाकवाली आणि त्यांची लेक नावाडी. लेकीला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणी ती कायम कशावर तरी चढलेली असायची. नावाड्याची मूळ सोंगटी कधीच हरवली होती. तिच्या जागी मुंगीच्या शाळेच्या कोटाचं निळं बटण होतं.

खेळ काकूंच्या भावाने परदेशातून आणलेला. नियमांची पुस्तिका कुणालाच येत नसलेल्या भाषेत. काकूंनी चित्रं बघून नियम बसवले. एका चित्रात तोंड उघडलेला आणि हात पुढे केलेला माणूस होता. त्यावरून त्यांनी ठरवलं, की पत्ता पटावर कुठूनही देता येतो, मात्र मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मागितला तर नाही म्हणायचं नाही. म्हणजे मुंगीला हवा असलेला लाल पत्ता हातात धरून काका कासावीस झाले तरी तिने तोंडाने मागेपर्यंत गप्प बसायचं. आणि काकांवर मागायची वेळ आली की सगळाच खोळंबा. ते पत्त्यांकडे बघत, चष्मा पुसत, घसा खाकरत. काकू म्हणत, "उघडा ना तोंड. कुलूप आहे का ते?" काकूंनी हा नियम चित्रात पाहिला, की नवऱ्याकडे बघून बनवला, याचा मी आजही विचार करते.

मुंगीची एक खोड होती. पटाच्या कोपऱ्यात चित्रकाराने उगाच एक लाल छपराचं घर काढलेलं होतं. तिथे पत्ता नाही, दरवाजा नाही, काही नाही. दर डावात एकदा तरी ती आपली होडी तिकडे न्यायची. पाणी वाढायचं, काका कपाळाला हात लावायचे. ती म्हणायची, "तिथे कुणी राहत असलं तर?" या एका घरापायी किती वेळा गाव बुडालं असेल, त्याची गणती नाही.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. खोका कपाटावर चढला. पुढे मुंगीला लिफ्टची तपासणी करायची नोकरी लागली, इथून रात्रभराच्या प्रवासावर. बाप बाहेर अडकलेल्यांना आत घालतो, लेक आत अडकलेल्यांना बाहेर काढते, असं मी सगळ्यांना सांगत असे. लोक हसायचे. काकाही हसायचे. मात्र रविवारी दुपारी माझी भिंत मुकी झाली होती. इतकी शांत झोप मिळायला लागली, की मला झोपच येईना.

मागच्या वर्षी मुंगीने एक टॅब पाठवला. त्यात तोच खेळ. पाणी खरंच हलतं, होडीची वल्ही चालतात, आणि नियम आपल्याला वाचता येतील असे. पहिल्या दिवशी दोघं फोन चालू ठेवून खेळायला बसले. मी होतेच. नियम वाचता वाचता काका थांबले.

"मुंगे, इथे लिहिलंय, दोघं एकाच चौकोनात असल्याशिवाय पत्ता देता येत नाही."

"म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीचं खेळत होतो?"

"आपण नाही. तुझी आई खेळवत होती."

दोघं इतके हसले, की काकांना पाणी द्यावं लागलं. मग टॅबने विचारलं, खेळाडू किती? काकांनी तीन केले. मुंगी म्हणाली, "बाबा, आपण दोघंच आहोत." काका म्हणाले, "असू दे." तिसरी डाकवाली यंत्राकडे गेली. यंत्र ज्याच्या वतीने खेळतं, त्याच्या डोक्यावर एक बारीकसं दातेरी चाक दिसतं. डाकवाली चुपचाप खेळायची, अचूक खेळायची, कुणाला टोमणा मारायची नाही. "बायको इतकी शहाणी नव्हती," काका म्हणाले, आणि बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिले.

या टॅबच्या खेळाची गंमत अशी, की एकत्र बसावं लागत नाही. मुंगीने जेवणाच्या सुट्टीत खेळी करायची, काकांनी दोन किल्ल्यांच्या मधे. टिंग वाजलं की समजायचं, आपला नंबर आला. आधी रविवारचा फोन असायचा. मग फोन आखूड झाले. मग नुसतं टिंग. बोलायची गरजच पडेना. पाणी किती वाढेल, कोणता चौकोन धोक्यात आहे, सगळं पडदाच सांगतो. प्लायवूडच्या अलीकडे बसून मी ते टिंग ऐकायची, आणि खरं सांगते, मला त्या डाकवालीचा राग यायचा.

काही महिन्यांनी ती दोघं जिंकायला लागली. एक नाही, दोन नाही, ओळीने सहा डाव.

"मुंगी सुधारली म्हणायची," मी म्हटलं. "आता चहा पाजा."

"फार सुधारली," काका म्हणाले. चहा त्यांनी पाजला, पण तोंड असं, की जिंकला तो गल्लीतला दुसराच कुणीतरी.

चहा पिता पिता मी पडद्यात डोकावले. नावाड्याच्या डोक्यावर चाक होतं.

आता माझ्या पोटात काही राहत नाही, हे चारही मजल्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी कप ठेवला आणि गुपचूप माझ्या गाळ्यात आले. चार दिवस गप्प बसले. माझ्या नवऱ्याने विचारलं, डॉक्टरकडे जायचं का. काका तिकडे किल्ली कापायचे, हात पुसायचे, टॅबवर खेळी करायचे आणि पडद्याला म्हणायचे, "घे, मुंगे." लगेच टिंग. मुंगी कुठल्याशा बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या दोराला लोंबकळत असणार, आणि इकडे तिची होडी क्षणात हलायची. कोपऱ्यातल्या लाल छपराच्या घराकडे मात्र चुकूनसुद्धा जायची नाही.

शनिवारी दुपारी मला ऐकवेना. मी लाँड्रीला कडी घालून पलीकडे गेले.

"काका, एक सांगू? रागावू नका."

"चाकाबद्दल ना?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

मी स्टुलावर बसलेच.

"अगं, जन्मभर दाते कापतोय मी. दातेरी चाक मला दिसणार नाही होय? दोन महिने झाले."

"मग तुम्ही खेळता कुणाशी?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "मागे मी मुद्दाम एक चूक केली. भर पुरात अभियंत्याला टेकडीवर नेऊन बसवला. म्हटलं, आता फोन येईल, 'बाबा, डोकं ठिकाणावर आहे का?' नाही आला. यंत्राने आपलं गुपचूप सांभाळून घेतलं." मग थांबून म्हणाले, "डाव मोडला तर तिची जागा रिकामी दिसेल. चाक का होईना, होडी तरी हलते."

"तिला विचारायचं ना सरळ."

"कामात असते ती."

"आणि तुम्ही काय असता? तिला मागितल्याशिवाय कळणार कसं? तुमच्याच घरातला नियम होता ना? की तोही टॅबने रद्द केला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घसा खाकरला. मला सगळी लक्षणं पाठ होती. मी म्हटलं, "उघडा ना तोंड. कुलूप आहे का ते?"

हे बोलायला नको होतं, असं मला बोलताक्षणी वाटलं. ते शब्द माझे नव्हते. काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फोन उचलला. मी उठून गेले नाही. कुठे जाणार, भिंत तर प्लायवूडचीच.

"मुंगे, कामात आहेस का?"

"बोला बाबा. बरे आहात ना?" तिचा आवाज मोठा, लिफ्टच्या शाफ्टमध्ये घुमणारा.

"बरा आहे. तुझ्या नावाड्याच्या डोक्यावर चाक आहे."

मग ती म्हणाली, "तुमच्या अभियंत्यालाही असेलच की. माझ्या फोनच्या एवढ्याशा पडद्यावर ते चाक दिसतही नाही. मला वाटलं, तुम्हीही यंत्रावरच टाकलंय. महिने झाले, तुम्ही एकदा तरी ओरडलात का माझ्यावर? मी लाल घराकडे गेले, एक नाही, तीन डाव गेले. तुम्ही हूं की चूं केलं नाही. मग म्हटलं, तिकडे कुणी नाही, मग इकडे तरी कशाला."

काका प्लायवूडवरच्या किल्ल्यांच्या रांगांकडे बघत होते. मला कळलं, ते ओरडणं त्यांनी गिळलं होतं. लेक दमते, आणखी तिला कशाला बोला, म्हणून.

"मी होतो," ते म्हणाले.

"मग बोलायचं ना, बाबा."

"आता बोलतो. मागतो म्हण. इकडे ये. खोका काढू. टॅबमधल्या डाकवालीला शिव्या देता येत नाहीत."

"पुढल्या महिन्याच्या शेवटापर्यंत तपासण्या आहेत, बाबा."

"हो, ते आहेच," काका घाईघाईने म्हणाले. दार उघडलं होतं ते पुन्हा ओढून घेतल्यासारखं. मी त्यांच्या पाठीत हळूच बोट खुपसलं.

"तरी मागतोय," ते म्हणाले.

शाफ्टमधून तिने नाक ओढल्याचा आवाज आला. धूळ असते तिथे, म्हणे. "मागितलंत ना? मग नाही कसं म्हणू. तपासण्या संपल्या की दुसऱ्या दिवशी निघते. तोवर चाक काढते. पण मला वेळ लागेल हां, खेळी करायला."

"लागू दे."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे स्टूल सरकलं आणि कपाटावरून काहीतरी उतरलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या शर्टाच्या वरच्या खिशात निळं बटण होतं. मी काही विचारलं नाही, म्हणजे दुपारपर्यंत विचारलं नाही. "धूळ पुसायला काढलंय," ते म्हणाले.

टॅब किल्ली कापायच्या यंत्राशेजारी टेकवून ठेवलेला. पडद्यावर लिहिलेलं, खेळणार: नावाडी. डोक्यावर चाक नाही. रविवार गेला, सोमवार गेला. होडी जागची हलेना. पाणीही थांबून राहिलेलं. गिऱ्हाईक किल्ली घेऊन गेलं की काकांची मान तिकडे वळायची. एकदोनदा त्यांनी बोट पडद्यापर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"गेला वाटतं डाव," मी चिडवलं.

"चालू आहे," काका म्हणाले. "तिने अजून ठरवलं नाहीये."

मंगळवारी दुपारी मी एका कोटाला चिठ्ठी टाचत होते, तेव्हा टिंग वाजलं. पाठोपाठ पलीकडे कानस खाली पडली. मी चिठ्ठी तशीच टाकून धावले.

होडी मधल्या दोन्ही बुडत्या गल्ल्या सोडून, वल्ही मारत, कोपऱ्यातल्या लाल छपराच्या घराशी जाऊन लागली होती. पाणी दोन चौकोन वर चढलं.

काकांनी खिशातून फोन काढला, आणि मी ऐकलं ते ओरडणं चारही मजल्यांनी ऐकलं असणार.