न आलेल्यांची हरकत

साकोलीहून आलेली बस तुमसरच्या स्टँडवर रिकामी झाली, पण भाऊजी काही उतरले नाहीत. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला. त्याने खांदा हलवून पाहिला... आणि थोड्या वेळाने स्टँडवरचा ओळखीचा हमाल राइस मिलमध्ये धावत आला. मी तिथे मुनीम आणि परसरामजींचा, म्हणजे भाऊजींचा साळा, हे त्याला ठाऊक होतं. साकोलीचा बाजार दुसऱ्या जागी हलवायचा सरकारचा विचार होता आणि त्यावर लोकांना हरकती-सूचना मांडायला बोलावलं होतं. सिहोऱ्याजवळच्या धान पिकवणाऱ्या माणसाचा त्या बाजाराशी काडीचा संबंध नव्हता. तरी भाऊजी गेले, हरकत नोंदवली आणि परतीच्या वाटेवर संपले. याला आता दीड महिना होत आला. माझा राग अजून गेलेला नाही. कुणावरचा, ते मात्र नीट सांगता येत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि त्यांच्या गावाचे पाणकर. जुन्या गावतलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी सोडायचं आणि कुणाच्या नंतर, हे पाणकर ठरवतो. पाऊस दगा देतो त्या वर्षी अख्ख्या गावाचा धान त्याच्या शब्दावर जगतो. एवढा मान असलेला माणूस, पण 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. भाजी आवडली नाही तर बहिणीला तसं सांगायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा जेवायला यायचे. ती बिचारी ओळखायची. सगळ्या गावाचीच ही रीत. कुणाचा विचार पटला नाही तर बैठकीत उठून त्याला तोंडावर तोडायचं नाही, त्या बैठकीला जायचंच नाही. बोलावणारा रिकाम्या सतरंजीवर थोडा वेळ बसतो, समजायचं ते समजतो आणि आपला विचार मागे घेतो. मी तुमसरचा, बाजारातल्या आरडाओरड्यात वाढलेला. मला या रीतीचं हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा कोतवालाने गावात दवंडी दिली. गावतलाव पाटबंधारे खात्याच्या ताब्यात घ्यायचे आणि पाणी कुणाला द्यायचं ते यापुढे खात्यानेच ठरवायचं, असा मसुदा निघाला होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी तुमसरच्या कचेरीत सुनावणीला यावं. गाव हादरलं. भाऊजींनी घरोघरी जाऊन एकच निरोप दिला, की त्या दिवशी तुमसरला कुणीही जायचं नाही. आणि खरंच कुणी फिरकलं नाही. बाजाराचा दिवस असून तेल-मिठालासुद्धा कुणी आलं नाही. मी कुतूहल म्हणून कचेरीत डोकावलो. मांडलेल्या खुर्च्यांसमोर साहेब बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दोनदा शिपायाला बाहेर पाठवलं, आणि मग कुणाचीही हरकत नाही असं लिहून ते उठले.

मी गावी जाऊन हे सांगितलं तेव्हा भाऊजी खुशीत होते. एवढी कडक हरकत गावाने आजवर कुणाला दाखवली नव्हती, असं बहिणीला सांगत होते. माझं बोलणं त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा खाली बसले.

"आमच्यातला एकबी माणूस आला नाही," ते म्हणाले. "हे त्याईले दिसलं नाही का?"

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कचेरीत आले. मुदत संपली होती.

पुढे एका वर्षी पाऊस रोवणी होताच रुसला. तलावात पाणी होतं. खात्याच्या माणसाने तूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडला आणि पाणी खालच्या गावांकडे गेलं. नियमाप्रमाणेच गेलं. गावाचा धान डोळ्यांदेखत उभ्याउभ्या वाळला. भाऊजींनी चावडीत बैठक बोलावली. सतरंजी टाकली, पाण्याचा माठ ठेवला... आणि कुणीही आलं नाही. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही, फक्त आलं नाही. त्या दिवशी योगायोगाने मी गावात होतो. सतरंजीची घडी करताना ते मला म्हणाले, "तो साहेबबी असाच बसला असन ना, मनोहर? त्याले कोणी सांगतलंच नाही."

तिथून त्यांनी सुनावण्यांचा नाद धरला. जिल्ह्यात कुठेही सुनावणी असो, रस्त्याची, बसथांब्याची, कशाचीही, हे हजर. उभं राहून आधी म्हणायचे, हरकत आहे. कशावर, असं विचारलं की म्हणायचे, आधी लिवा, मंग सांगतो. बाबूलोक हसायचे. मीही हसलो आहे. एकदा चिडून विचारलं, की काहून जाता, त्यातलं काय बदललं? "काही नाही बदललं," ते म्हणाले. "पन खुर्ची रिकामी दिसली का मले घाबरल्यावानी होते."

मयतीला अख्खं गाव आलं, आणि गेल्या आठवड्यात सुनावणीलाही आलं. नवा मसुदा आहे, तलाव कायमचा खालच्या कालव्याला जोडण्याचा. पोराबाळांसह बैलगाड्या जोडून लोक तुमसरला आले होते. भाऊजींकडून एवढं ते शिकले होते. कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी खिडकीजवळची पहिली खुर्ची, भाऊजींची नेहमीची, कुणी घेतली नाही. साहेबांनी मसुदा वाचला आणि हरकती विचारल्या. सगळे खाली मान घालून बसले. समोर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं त्यांना आजही जमेना. न राहवून मी उठलो, तर साहेबांनी माझं गाव विचारलं आणि म्हणाले, गावकऱ्यांना बोलू द्या.

साहेबांची नजर त्या खुर्चीकडे गेली. सुनावणीला भाऊजींना तिथे पाहायची इतक्या वर्षांची सवय. त्यांनी विचारलं, "परसरामजी आज आले नाहीत?"

मग मागून एक म्हातारा हात जोडून उभा राहिला.

"नाही आले, साहेब," तो म्हणाला. "तुमीच समजून घ्या."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं, हरकत नाही.