नेफ्यातली वायर

मास्तरांना घरी बसून आठ महिने झाले होते, आणि मास्तर घरी बसले म्हणजे काय होतं हे कळायला घरच्यांना आठ दिवससुद्धा लागले नव्हते. चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारून गुडघ्यांनी राम म्हटला, दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं, पण कात्री काही सुटेना. पायपुसण्यांना गोट लावून झाले. टीव्हीच्या रिमोटला खिशासकट कोट शिवून झाला.

"आता मला अस्तर लावायला घेऊ नका म्हणजे मिळवली," बायको म्हणायची.

अशात शिवणकेंद्राच्या बाईंचा फोन आला. बारा गावच्या बारा बायकांना घरबसल्या कॉम्प्युटरवर शिवण शिकवायचं. शनिवारी चार वाजता एक तास घेऊन दाखवा. जमलं तर दर शनिवार तुमचा. बाईंचं वाक्य संपायच्या आत मास्तर "हो" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली.

इंटरनेट घरात होतंच. राउटर मास्तरांनी स्वतः निवडलेला. दुकानदाराने चांगले शिंगंवाले डबे दाखवले होते; मास्तरांनी मात्र साबणाच्या वडीएवढा, सगळ्यात साधा उचलला. मागे वायरी खुपसायला चार भोकं, पुढे चार हिरवे दिवे. वायफायचं नाव नाही.

"बाबा, मग मोबाइलला पण वायर लावून फिरायचं का?" सुनेने कपाळाला हात लावला होता.

"हवेतून येणारं आपल्याला पटत नाही बुवा. वायर कशी, इथून निघाली, तिथं पोचली. डोळ्यांना दिसते."

आणि खरं सांगायचं तर तो डबा एक दिवससुद्धा रुसला नव्हता. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आपला शिंगंवाला डबा किरकिऱ्या पोरासारखा घरभर फिरवत असत; जिन्यात त्यांची गाठ पडली की मास्तर मुद्दाम विचारत, "काय म्हणतंय बाळ?"

शनिवारी सकाळी सुनेने दहा मीटरची नवी वायर आणली. राउटर बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर; बाहेरून येणारी लाइन तिथवरच पोचत होती. कापड बेतायचं मोठं टेबल आतल्या खोलीत. वायर जमिनीवरून नेली, सुनेचा लॅपटॉप जोडला, दिवा लागला. सगळं झकास. पण बायको पाण्याची बादली घेऊन आली आणि उंबऱ्यात अडखळली. अर्धी बादली लादीवर.

"तुमच्या शिकवणीपायी माझा पाय मोडायचाय!"

ती वायर उचलून फेकणार, एवढ्यात मास्तरांच्या डोक्यात कल्पना आली. दाराच्या पडद्याला वर दांडीसाठी नेफा होता. त्याच्याखाली त्यांनी दुसरा नेफा मारला आणि पायजम्यात नाडी ओवावी तशी वायर त्यातून ओवली. ती भिंतीवरून चढली, दारावरून पडद्यातून गेली, पलीकडे उतरली. दिसायलासुद्धा नाही! पडदा ओढला की वायर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना घरच्या मोटारवाल्या मशीनवर उलटसुलट टाके घालून ती पक्की केली. काम तीनला आटोपलं. मास्तर जेवायचेही विसरले होते.

साडेतीनला सुनेने लॅपटॉप लावला. दिवा नाही.

दुसऱ्या भोकात घालून पाहिली, तिसऱ्यात, चौथ्यात. राउटर बंद करून चालू केला. दिवा नाही तो नाहीच. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"डबा गेला. साधा घेतला तेच चुकलं माझं."

"थांबा हो बाबा." सुनेने राउटरच्या खोक्यातली मूळची वायर शोधून काढली. जेमतेम दीड हात. ती लावली मात्र, दिवा टच्चकन लागला. "डबा ठणठणीत आहे. तुमची वायर गेलीय."

"सकाळी तर चालत होती!"

बोलता बोलता मास्तरांचा हात नेफ्यावरून फिरला आणि टोकाशी थांबला. टाका वायरीच्या आरपार गेला होता. एकदा नव्हे, पक्का करायचा म्हणून चारदा.

"अगं आई गं," मास्तर म्हणाले आणि खालीच बसले.

पावणेचार झाले होते. बेतायचं टेबल दारातून निघत नव्हतं; ते आतच ठोकून बनवलेलं. शर्टाची बेतणी शिकवायची होती, तिला तर हातभर रुंद जागा हवी. दीड हात वायर म्हणजे चपलांच्या कपाटापाशीच बसायचं. सुनेने इस्त्रीचं टेबल आणून ठेवलं, पण ते वीतभर रुंद.

"बाईंना कळवून टाक, आज जमत नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

"आणि उद्यापासून माझ्यासाठी काय शिवाल? मुसकं?" बायकोने पडदा सर्रकन दांडीवरून काढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. "हा उसवून द्या मला."

"आता?"

"आत्ता. त्यांच्यासमोर."

उभ्या जन्मात मास्तरांनी गिऱ्हाइकाला आपला चुकलेला टाका दाखवला नव्हता. चुकलं तर दुकानाचं दार लावून, पाठ फिरवून उसवायचं. पण चार वाजले, लॅपटॉपवर बारा चेहरे आले, कोपऱ्यात केंद्राच्या बाई आल्या, आणि हातात दुसरं काहीच नव्हतं.

मास्तरांनी घसा खाकरला. "आज शर्ट नाही. आज उसवणं. हे बघा, हे गाढवाचं काम मी तासाभरापूर्वी केलंय."

सगळी हकिगत सांगितली. बायका पदराआड, हाताआड हसल्या, मग उघड हसल्या. मास्तरांनी टाका कॅमेऱ्याजवळ धरला. प्रत्येक चौथा टाका कसा कापायचा, मग उलट्या बाजूने दोरा कसा ओढायचा, कापडाला ओरखडा न पडता तो अख्खा कसा निघतो. दोरा सळकन निघाला तशी एकीने "अय्या!" केलं. शिवण्याआधी खाली काय आहे ते बोटांनी चाचपायचं, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

"मास्तर," एक जण भीतभीत म्हणाली, "मी लेकीच्या फ्रॉकची बाही पाठीला शिवलीय. महिना झाला, कपाटात दडवलाय."

"आणा की!"

मग दुसरीने उलटा लावलेला खिसा काढला, तिसरीने एक पाय आखूड झालेली विजार. पाच वाजून गेले तरी कोणी हलेना. शेवटी केंद्राच्या बाईच मध्ये बोलल्या, "मास्तर, मग पुढच्या शनिवारी शर्ट घ्यायचा ना?"

"शर्ट पळून जात नाही, बाई," मास्तर चष्मा वर सरकवत लॅपटॉपवर वाकले. "आधी त्या पोरीचा हात मोकळा करू. हं, फ्रॉक अजून जवळ धरा. उजेडात."